सात डॉक्टरांचा तुलनात्मक तक्ता

तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय जयपाल मगदूम साधा सुतळीचा गुंडासुद्धा घेत नसत. तो त्यांचा दोष नव्हता, नोकरीचा होता. कोल्हापुरातल्या कालव्यांच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क. अठ्ठावीस वर्षं ठेकेदारांच्या निविदा उघडायच्या, त्यांचा तुलनात्मक तक्ता काढायचा, लाल शाईनं रेघा मारायच्या, खाली 'शिफारस' म्हणून चार ओळी लिहायच्या आणि कागद साहेबांपुढं सरकवायचा, एवढंच काम. अशा कामात माणूस मुरतो तो कायमचाच. त्यांच्या लग्नाच्या वेळीही तीन मुलींचा तक्ता झाला होता म्हणे. सीताबाई सगळ्या गल्लीला सांगत, "त्यात माझा नंबर दुसरा होता. पहिलीनं ह्यांना न्हाय म्हटलं म्हणून मी आले."

तर अशा या जयपालरावांना एकुलती एक लेक, चंदना. मिरजेला शिकून एम.बी.बी.एस. झाली, कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात उमेदवारी करत होती, आणि आता पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरायचा होता. अर्जात एकच शाखा लिहायची, खाली पालकाची सही, आणि शनिवारी दुपारी चारच्या आत अर्ज मिरजेला पोचता करायचा. चंदनानं शाखा लिहिलीसुद्धा होती. क्ष-किरण, म्हणजे एक्स-रेचे फोटो बघून आत काय बिघडलंय ते सांगायचं. दुपारची सुट्टी मिळाली की ती गंगावेशीतल्या डॉ. दस्तगीर मुल्लांच्या एक्स-रेच्या दवाखान्यात जाऊन बसायची आणि घरी आली की जेवताना सुद्धा फुप्फुसाबद्दल बोलायची. सीताबाईंनी फुलका फुगवला तरी हिला फुप्फुस आठवायचं.

राहिली होती फक्त बापाची सही.

आणि मुदतीला दोन आठवडे असताना नेमकं रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की परदेशात असा कॉम्प्युटर निघालाय जो एक्स-रेचा फोटो बघून रोग सांगतो. सत्त्याऐंशी सालचा जानेवारी चालू होता. बँकवाल्यांनी कॉम्प्युटर नको म्हणून बिंदू चौकात नुकताच मोर्चा काढला होता, त्यामुळं हा कॉम्प्युटर म्हणजे कोण हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बघितला मात्र कुणी नव्हता.

जयपालरावांनी पुरवणी दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग अर्ज उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं.

"आप्पा, सही?" चंदनानं विचारलं.

"चौकशी झाल्याशिवाय सही न्हाय."

"कसली चौकशी?"

"कुठली शाखा मशीन खाणार आणि कुठली न्हाय खाणार त्याची. आज शिकशील आणि उद्या मशीन येऊन बसलं तुझ्या खुर्चीत, तर?"

"आप्पा, ते यायला अजून वीस-तीस वर्षं लागतील!"

"तवा तू पन्नास वर्षांची असशील. त्या वयात खुर्ची गेली तर माणूस कुठं जातो?" हे बोलताना त्यांचा आवाज जरा विचित्र झाला. चंदनाला राग आला होता म्हणून तिच्या लक्षात आलं नाही. ती पाय आपटत ड्यूटीवर गेली.

आता खरं तर ही गोष्ट घरातच राहायची. पण कोल्हापुरात शेजारी नावाची एक संस्था आहे आणि तिची सभा बोलवावी लागत नाही. डाव्या अंगाला केरबा मोहिते, चार म्हशींचे मालक. सकाळी दूध घालायला आले ते उंबऱ्यावरच बसले.

"मगदूमसाहेब, पोरीला जनावराचा डॉक्टर करा. कागलाकडं आमच्या पावण्यानं धारा काढायचं मशीन आणलं हुतं. म्हशीनं एकच लाथ घातली. मशीन गेलं उकिरड्यात, पावणा गेला दवाखान्यात. माणूस मशीनपुढं गप बसंल हो, म्हस बसत न्हाय!"

"अहो केरबा, ती माणसांची डॉक्टर झालीय आता."

"मग काय, पैलवानांचं हाड बसवायचं शिकवा. मशीननं हाड वडलं आणि चुकलं, तर पैलवान मशीन ठेवंल व्हय?"

उजव्या अंगाला लालबी. नगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं सुईणीचं काम करून रिटायर झालेल्या. अर्ध्या गल्लीनं पहिला श्वास त्यांच्या हातात घेतला होता, त्यामुळं अर्ध्या गल्लीला त्या अजून अरे-तुरे करत. त्यांचं म्हणणं, बाळंतपणाची शाखा सोडून दुसरीकडं बघूच नये.

"का हो लालबी?"

"कळा यायला लागल्या की बाई डॉक्टरला शिव्या देती. नवऱ्याच्या वाटच्याबी डॉक्टरलाच देती. त्या ऐकून घ्यायला लागत्यात, दोन उलट द्यायला बी लागत्यात. मशीनला येत्यात का शिव्या? सांगा की!"

जयपालरावांनी हे दोन्ही अभिप्राय वहीत लिहून घेतले. पण अभिप्राय देणारा माणूस त्या धंद्यातला पाहिजे, हा कचेरीचा नियम. म्हणून त्यांनी शहरातल्या सात शाखांचे सात डॉक्टर निवडले आणि प्रत्येकाला एक पत्र लिहायचं ठरवलं.

इथं त्यांच्या हातून एक चूक झाली. माणूस सरळ मनानं पत्र लिहायला बसला होता. 'डॉक्टरसाहेब, माझी मुलगी अशी अशी आहे, जरा सल्ला द्याल का?' एवढंच विचारायचं. पण अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असं पत्र लिहिलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बसले, लेखणी कागदाला लागली, आणि पुढचं सगळं आपोआप उतरत गेलं:

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, नजीकच्या काळात यंत्राद्वारे रोगनिदान होण्याची शक्यता विचारात घेता, आपल्या शाखेची आवश्यकता यापुढे राहील किंवा कसे, याबाबत आपला स्वयंस्पष्ट अभिप्राय सात दिवसांचे आत सादर करावा. मुदतीत अभिप्राय प्राप्त न झाल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल.'

खाली सही. सहीखाली सवयीनं हुद्दा. सातही पत्रं लिहून झाल्यावर त्यांनी ती उजव्या हाताच्या ट्रेमध्ये ठेवली, कारण लिहिलेला कागद ते दुसरीकडं कुठं ठेवतच नसत. कचेरीचा शिपाई पिराजी दर तीन वाजता यायचा आणि त्या ट्रेमधलं जे असेल ते उचलायचा. त्यानं सातही पत्रांवर गोल शिक्का मारला, जावक क्रमांक घातला, सरकारी पाकिटात भरून पत्ते घातले आणि सायकलवरून स्वतः पोचती केली. पिराजीला कामात कुणी नाव ठेवलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी कोल्हापुरातल्या डॉक्टरांत हलकल्लोळ झाला. सर्जननं फिजिशियनला फोन केला, "तुलाही आलं का?" फिजिशियननं डोळ्याच्या डॉक्टरला केला. सरकार डॉक्टर काढून मशीन बसवणार, कोल्हापुरात पहिला प्रयोग, आणि ज्याचं उत्तर येणार नाही त्याची शाखा बंद! संध्याकाळपर्यंत असं ठरलं की जिल्ह्याचं मशीन आलंसुद्धा आहे आणि शिरोळच्या एका साखर कारखान्याच्या गोदामात झाकून ठेवलंय. एकानं ते झाकलेलं बघितलं होतं. मोठं होतं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाच डॉक्टरांचं शिष्टमंडळ जयपालरावांच्या साहेबांपुढं उभं राहिलं. साहेब बिचारे कालव्याच्या गळतीचा नकाशा बघत बसले होते. त्यांना वाटलं, कचेरीत साथ आली.

डॉक्टर गेल्यावर जयपालरावांना आत बोलावणं आलं.

"मगदूम," साहेब अगदी हळू बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "आपलं खातं काय करतं?"

"कालवे खणतं, साहेब."

"मग मूळव्याधीच्या डॉक्टरची आवश्यकता आहे किंवा कसे, हे आपण का विचारतोय?"

"मूळव्याध नव्हती साहेब, सात शाखा होत्या. मुलीचा अर्ज..."

"तुमच्यावर नोटीस काढायला पाहिजे. पण रेकॉर्ड चांगलं आहे तुमचं. सातही मूळ पत्रं पुढच्या शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजेत. एक जरी कमी पडलं तरी नोटीस."

जयपालराव खुर्चीत येऊन बसले. उजव्या हाताचा ट्रे त्यांनी उचलून डाव्या हाताला ठेवला. मग पिराजी गोंधळेल म्हणून परत उजवीकडं ठेवला. अठ्ठावीस वर्षांत त्यांना एक साधा मेमो नव्हता.

घरी चंदना आधीच येऊन बसली होती. डोळे लाल. "आप्पा, वॉर्डात सगळे मला विचारतायत, 'काय मॅडम, अभिप्राय कुणाकडं सादर करायचा?' ऑपरेशन चालू असताना सुद्धा! मी उद्यापासून कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माझ्याच तोंडाकडं बघ," जयपालराव म्हणाले. "मला तर सातांच्या दारात जायचंय."

"आणि सही?"

ते कपाटाचं कुलूप ओढून बघायला लागले. चंदना उठून आत गेली आणि त्या शनिवारपर्यंत बापलेकीत 'मीठ द्या' आणि 'हे घ्या' यापलीकडं बोलणं झालं नाही. सीताबाईंना दोन्हीकडं समजूत घालून वैताग आला. शेवटी त्या देव्हाऱ्यापुढं बसून देवालाच म्हणाल्या, "तुम्हीच काय ते बघा. मी आता फक्त स्वयंपाक बघते."

हा स्वयंपाकही एक अडचणच. मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. जयपालराव साडेपाचला कचेरीतून सुटले की सहाच्या आत पाटावर असत. आणि डॉक्टरांचे दवाखाने उघडतात कधी? तर सहाला! सोमवार ते गुरुवार हा माणूस चार दिवस संध्याकाळी उपाशी दवाखान्यांच्या बाकांवर बसून होता. पोटात कावळे ओरडत होते आणि समोर भिंतीवर चार्ट, काय, तर समतोल आहाराचा.

पहिले गेले सर्जनकडं. हा माणूस उंचापुरा, आवाज मोठा. पत्र टेबलावर काचेखाली ठेवलेलं.

"पत्र परत देतो, पण आधी माझा अभिप्राय लिहून घ्या. सरकारला कळू दे!"

"सरकारचा काही संबंध नाही हो, मुलीचा..."

"लिहा! हे बघा हात." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "मशीनला असे हात आहेत? सर्जरी कधी जाणार नाही. फिजिशियन मात्र जाणार. ते काय करतात? विचारतात आणि लिहितात. ते तुम्हीपण करता. आणि एक्स-रे? तो तर पहिला जाणार. फोटो बघायला डॉक्टर कशाला पाहिजे?"

जयपालरावांनी लिहून घेतलं, खाली सही घेतली, पत्र घेतलं. दिवस मावळला होता. घरी येऊन उपाशी झोपले.

फिजिशियनचं म्हणणं नेमकं उलटं. नाडीवर बोटं ठेवून, डोळे मिटून ते म्हणाले, "मगदूम, निदान म्हणजे विचार. मशीन विचार करत नाही. जाईल ती सर्जरी. कापायचं आणि शिवायचं! शिवणाचं मशीन तर आमच्या आजीकडं होतं. आणि एक्स-रेवाल्यांनी आत्ताच दुसरा धंदा बघावा." मग नाडी सोडून म्हणाले, "तुमचं ब्लडप्रेशर जरा जास्त आहे. जेवता ना वेळेवर?"

या प्रश्नावर जयपालरावांना रडू यायचंच बाकी होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरनं अभिप्राय द्यायच्या आधी चष्म्याचा नंबर बदलून दिला. त्यांच्या मते डोळा ही नाजूक वस्तू, तिथं मशीनचं काम नाही. एक्स-रे आणि त्यामागून कातडीची शाखा मात्र जाणार, कारण तिथं नुसतं बघून सांगायचं असतं. कातडीच्या डॉक्टरचं उत्तर, "अहो, माझा पेशंट बरा होत नाही आणि मरतही नाही. वीस-वीस वर्षं येतो. मशीन कंटाळून बंद पडेल. डोळेवाल्याचं काय घेऊन बसलात, त्याच्याकडं आत्ताच अर्धं मशीन आहे, एक्स-रेवाल्याकडं तर अख्खं. पहिला तोच जाणार." लहान मुलांच्या डॉक्टरकडं तर बोलायचीच सोय नव्हती, सगळा दवाखाना बोंबलत होता. एका सहा महिन्यांच्या पोरानं जयपालरावांच्या बोटाला कडकडून हिरड्या लावल्या. "हे बाळ मशीनला काय सांगणार?" डॉक्टर त्या गोंगाटातून ओरडले. "आमचं काम कायमचं! बाकीचं सगळं जाणार! एक्स-रे पहिल्यांदा!"

गुरुवारी मनाच्या डॉक्टरकडं पाळी आली. हे गृहस्थ शांत होते. पत्र त्यांनी लगेच दिलं, अभिप्रायही दिला: बाकीच्या शाखा शरीराच्या, म्हणून जातील, एक्स-रे सगळ्यांत आधी, मन मात्र माणसालाच कळतं. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मगदूम, एक विचारू? तुम्हाला मशीनची भीती कधीपासून वाटतेय?"

"मला कुठं? मुलीसाठी चौकशी चाललीय."

"मुलीसाठी सात डॉक्टर? एकाला विचारलं असतं तरी चाललं असतं."

जयपालराव उठले. टोपी घेतली, ती उलटी घातली, सरळ केली आणि नमस्कार करून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्यांना घाम आला होता, जानेवारीत.

त्या रात्री त्यांनी तक्ता मांडला. सहा डॉक्टर, सहा ओळी, सुबक लाल रेघा. बेरीज केली आणि ते थंडच झाले. सहाही डॉक्टरांनी आपापली शाखा राहणार म्हणून लिहून दिलं होतं आणि बाकीच्या जाणार म्हणून लिहून दिलं होतं. म्हणजे प्रत्येकाला एक मत राहण्याचं आणि पाच जाण्याची. सगळे सारखेच! ठेकेदारांच्या निविदांत असं झालं की त्यांनी आपसांत संगनमत केलंय हे ओळखायचं असतं. इथं तर यांचं एकमेकांशी पटतही नव्हतं. फक्त एका बाबतीत सहाही जणांचं एकमत होतं, की एक्स-रे पहिल्यांदा जाणार.

राहिले होते सातवे, डॉ. मुल्ला. जयपालरावांनी त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पोरीच्या डोक्यात हे खूळ घालणारा तोच माणूस, तो आपल्या शाखेची बाजू घेणारच. त्याचं पत्र घ्यायचं, अभिप्राय लिहून घ्यायचा, आणि अर्जावर सही करायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शुक्रवारी ते कचेरीतून अर्धा तास आधी निघाले. गंगावेशीतला दवाखाना लहानच. बाहेर बाकावर चार-पाच माणसं. आत अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर एका छातीचा फोटो लावलेला, आणि समोर डॉ. मुल्ला, पांढरी दाढी, अंगात स्वेटर, त्या फोटोकडं एकटक बघत उभे.

"या की मगदूमसाहेब, बसा. एवढं बघून घेतो."

फोटोत छातीच्या डाव्या बाजूला एक गोल पांढरा ठिपका होता. वाटाण्यापेक्षा बराच मोठा. तो बघून जयपालरावांनी स्वतःचीच छाती चाचपली. मुल्लांनी दार उघडून हाक मारली, "कोडोलीचे म्हातारबा, आत या हो."

म्हातारबा आले.

"फोटो काढताना कपडे काढा म्हणून सांगितलं हुतं न्हवं?"

"काढलं की. सदरा काढला. बंडी तेवढी ऱ्हाऊ दिली, लई थंडी हुती."

"बंडीच्या खिशात काय हाय?"

म्हातारबांनी खिशात हात घातला आणि चुन्याची पत्र्याची डबी बाहेर काढली. मुल्ला हसले. "जावा, बंडी काढून परत फोटो काढून घ्या. नव्या फोटोचं पैसे द्यायचं न्हाईत."

जयपालराव खुर्चीतून अर्धे उठले. ज्याच्याशी भांडायला आले होते, त्याच्याच बाजूनं त्यांचा आवाज चढला. "बघा! बघा डॉक्टरसाहेब! मशीनला कळली असती का डबी?"

"कळंल की," मुल्ला म्हणाले. "चार-दोनदा चुकंल, मग कळंल. मला तरी कुठं पहिल्यांदा कळलं? बायकोनं बांधलेल्या ताईतापायी एका माणसाला मी मिरजेला धाडला हुता. आठ दिवस त्याच्या घरात चूल पेटली न्हाय."

जयपालरावांनी वही उघडली. "मग आपला अभिप्राय? आपली शाखा..."

"पहिल्यांदा माझीच जाणार."

वहीवरचं पेन थांबलं.

"आमचं काम डोळ्याचं. जे डोळ्यानं हुतं ते मशीन आज ना उद्या शिकणार. सर्जनचं, बाळंतपणाचं नंतर. माझं आधी."

"मग मुलीनं काय करावं?"

"ते मला माहीत न्हाय."

"पण तुम्ही तिला शिकवताय!"

"हेबी सांगितलंय तिला. एकदा न्हवं, तीनदा. पोरी, हे जाणार हाय म्हटलं. तर म्हणती कशी, 'मग सर, जरा लवकर शिकवा.'"

मुल्लांनी वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'माझी शाखा प्रथम जाईल. त्यानंतर काय, हे मला माहीत नाही.' खाली सही केली. मग खिडकीकडं बघून म्हणाले, "दिवस हाय अजून. चहा आणि केळी मागवतो. तुमच्यात अंधार पडला की चालत न्हाय न्हवं? चंदनाबी घड्याळ बघत असती."

चार दिवसांत सहा डॉक्टरांनी त्यांचा चष्मा बदलला, नाडी बघितली, मन तपासलं. पण सूर्य कुणी बघितला नव्हता. जयपालरावांनी दोन केळी खाल्ली, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून, का कोण जाणे, खिशातून घडी घातलेला एक कागद काढून मुल्लांच्या पुढं केला. वरच्या कचेरीचं पत्र होतं. येत्या वर्षात निविदांचे तुलनात्मक तक्ते मुंबईच्या कॉम्प्युटरवर तयार होतील. त्या कामावरच्या कर्मचाऱ्यांबाबत निर्णय नंतर कळविण्यात येईल.

"दोन महिने झाले," जयपालराव म्हणाले. "घरात सांगितलं न्हाय."

मुल्लांनी कागद वाचला. "मग तुमचं काय हुणार?"

"माहीत न्हाय," जयपालराव म्हणाले. तोंडातून हे दोन शब्द निघाले आणि त्यांना हलकं वाटलं. मग म्हातारबांचा दुसरा फोटो आला. छाती साफ होती.

शनिवारी सकाळी चंदना रात्रपाळी करून आली तेव्हा जयपालराव तक्ता पुढ्यात घेऊन बसले होते. सातही पत्रं एका टाचणीला लावलेली. त्यांनी तक्ता तिच्याकडं सरकवला. तिनं उभ्या उभ्याच वाचला. शेवटच्या ओळीवर तिचा चेहरा पडला.

"सरांनीपण असंच लिहिलं," ती म्हणाली. "झालं तर मग. अर्ज ठेवा कपाटातच."

"खाली वाच की. शिफारस हाय."

शिफारसीत लिहिलं होतं: 'प्राप्त सात अभिप्रायांपैकी सहा एकसारखे असल्याने विचारात घेता येत नाहीत. एका इसमाने स्वतःविरुद्ध शेरा लिहून त्याखाली सही केलेली आहे. निम्नस्वाक्षरीकाराच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत असा शेरा आढळलेला नाही. मुलीने याच इसमाचे काम शिकावे.'

आणि शेजारी अर्ज. सही केलेला.

चंदना मटकन खालीच बसली. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. "आप्पा, पण तुम्हाला भीती वाटत होती न्हवं? माझी खुर्ची जाईल म्हणून?"

"तुझी न्हाय गं," जयपालराव म्हणाले. "माझी. कचेरीत पत्र आलंय. माझं काम मशीन करणार. पन्नाशी उलटल्यावर खुर्ची गेलेला माणूस कुठं जातो ते मी मला विचारत हुतो, आणि सही तुझी अडवली. चुकलं माझं." अठ्ठावीस वर्षांत असं वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, बोलणं तर दूरच. मग घाईघाईनं आवाज खाली आणून म्हणाले, "आईला एवढ्यात सांगू नको. दोन महिने लपवून ठेवलंय. घाबरंल ती."

स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला आणि त्यामागून सीताबाईंचा.

"ते पत्र व्हय? आलं त्याच दिवशी सदऱ्याच्या खिशात हुतं. धुण्यात भिजलं. मी वाळवून, इस्त्री करून परत खिशात ठेवलं. दोन महिने वाट बघतेय, कधी सांगताय म्हणून. आता उठा. तिची अकराची एस.टी. हाय, जेवून घ्या दोघंबी."